सिस्टर, एक विचारू का?

गेल्या अंकात लहान मुलांच्या इंजेक्शनच्या भीतीबद्दल लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र भलत्याच विषयावर, आणि जवळजवळ सगळी एकाच. नर्स आणि पेशंट यांचं एकमेकांशी नातं नक्की कसलं? ओळखीचं, मायेचं, पगाराचं, की कसलंच नाही? मी नोकरीची सगळी वर्षं मनोविकार विभागात काढली आणि नंतर नर्सिंगच्या मुलामुलींना हाच विषय शिकवला. त्यामुळे या बाबतीत माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही. संपादकांनी पानं मोजून दिलीत, ते बरंच केलं. पत्रांतली गावं ठेवली आहेत, पेशंट ओळखू येईल अशा खुणा काढून टाकल्या आहेत.

*मॅडम, मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या सायकियाट्रीचं पोस्टिंग चालू आहे. पेशंटशी बोलून प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायचं असतं, म्हणजे झालेला संवाद जसाच्या तसा आणि त्या वेळी आपल्या मनात काय होतं ते. खरं सांगते, अर्ध्या मुली हॉस्टेलवर बसून संवाद रचतात. सीनियरची फाइल मिळाली की काम झालं. नर्स-पेशंट नात्यावरची पेपलाऊंची थिअरी पाठ आहे, चार फेज, सहा रोल. पण चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर अशा वॉर्डात तिचा उपयोग काय?*
— एक विद्यार्थिनी, लातूर

अगं, सीनियरची फाइल आम्हाला पहिल्या पानावरच कळते. दर वर्षी तोच पेशंट, तेच 'मला आवाज ऐकू येतात', आणि 'हॅल्युसिनेशन'च्या स्पेलिंगमधली तीच चूक. पण तू विचारलंस ते खोटं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ही बाई कोण ते ऐक, कारण पुस्तकात तिचा फोटो आणि तारखा असतात, तिची गोष्ट नसते. हिल्डगार्ड पेपलाऊ १९०९ मध्ये अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंगला जन्मली. १९१८ ची फ्लूची साथ, जी आपल्याकडे मुंबई बंदरातून आत शिरली, तीच तिच्याही गावात आली. तापाच्या ग्लानीत बरळणारी, घाबरलेली माणसं तिनं शाळकरी वयात पाहिली. १९३१ मध्ये नर्स झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याची नर्स म्हणून ती इंग्लंडमधल्या लष्करी मानसोपचार केंद्रात होती. तिथे आघाडीवरून मनानं मोडून आलेले सैनिक यायचे. आता हे लक्षात घे की क्लोरप्रोमाझिन, म्हणजे सायकोसिस या गंभीर मनोविकारावरचं पहिलं प्रभावी औषध, वापरात आलं १९५२ मध्ये. त्याआधी नर्सच्या हातात झोपवणारी औषधं सोडली तर गोळी नव्हतीच. कोंडून ठेवणं, बांधणं, थंड पाण्याच्या चादरी गुंडाळणं हे होतं, आणि जिला जमेल तिला बोलणं होतं. पेपलाऊनं या बोलण्याकडे उपचार म्हणून पाहिलं.

तिचं पुस्तक १९४८ मध्ये लिहून तयार होतं. छापलं गेलं १९५२ मध्ये. चार वर्षं कशात गेली? तर सोबत डॉक्टरचं नाव नव्हतं. नर्सनं एकटीनं सिद्धांताचं पुस्तक लिहायचं हे प्रकाशकांच्या पचनी पडेना. पेपरात दहा मार्कांना 'एक्स्प्लेन पेपलाऊज थिअरी' येतं तेव्हा ही चार वर्षं कुणी लिहीत नाही. माझ्या हातात असतं तर मी त्याला दोन मार्क ठेवले असते.

ती म्हणाली ते थोडक्यात असं: नर्स आणि पेशंट भेटतात ते दोन परके म्हणून. सहा रोलमधला पहिला रोल परक्याचाच आहे, आणि मुली नेमका तोच गाळून थेट समुपदेशकाच्या खुर्चीवर बसतात. परक्या माणसाशी आपण जी साधी सभ्यता पाळतो, नाव सांगतो, बसू का विचारतो, ती आधी. मग हळूहळू पेशंटला कळतं की ही माझ्या कामाची आहे, मग तो तिचा आधार घेतो, तिच्याकडून हवं ते काढून घेतो, आणि शेवटी तिच्यावाचून चालायला लागतो. चार फेज त्या एवढ्याच. शिवाय तिनं एक गोष्ट ठासून सांगितली, ती म्हणजे चिंता एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. नर्स घाबरलेली असेल तर ती तोंडानं काहीही म्हणो, पेशंटपर्यंत तिची भीती पोचते. म्हणून स्वतःच्या मनात काय चाललंय हे नर्सला माहीत हवं. प्रोसेस रेकॉर्डिंग त्यासाठी आहे. ती पेशंटची परीक्षा नव्हे, तुझी आहे.

एक नमुना देते. माझ्या एका विद्यार्थिनीचा आहे, तिच्या परवानगीनं, खुणा बदलून. वॉर्डात खूप वर्षं राहिलेल्या पन्नाशीच्या बाई. पोस्टिंगचा पहिला आठवडा.

विद्यार्थिनी: नमस्कार. कशा आहात?
बाई: बरी.
विद्यार्थिनी: जेवलात का?
बाई: भात कच्चा होता.
विद्यार्थिनी: असं करून चालणार नाही, जेवायलाच हवं. गोळ्या घ्यायच्यात ना?
बाई: (काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.)
विद्यार्थिनी: तुमचे मिस्टर भेटायला येतात का?
बाई: तुझं लग्न झालंय?
विद्यार्थिनी: नाही. माझं सोडा, तुमच्याबद्दल बोलू या.

यानंतर बाई उठून गेल्या. मुलीनं 'टेक्निक'च्या रकान्यात काय लिहावं? 'ब्रॉड ओपनिंग, एन्करेजिंग, फोकसिंग.' म्हणजे मोकळी सुरुवात, बोलायला प्रोत्साहन, एका मुद्द्यावर आणणं. तिन्ही नावं पुस्तकातली, तिन्ही चुकीच्या जागी. पण तिनं शेवटच्या रकान्यात, जिथे आपल्या मनातलं लिहायचं असतं, तिथे पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'त्या रडल्या तर मी काय करू, असं वाटत होतं.' सबंध फाइलमधलं खरं वाक्य ते. मी त्याखाली एवढंच लिहिलं, 'भाताचं काय झालं?'

कारण बाईंनी तिला एक गोष्ट दिली होती. भात कच्चा होता. मुलीनं ती हातात घेतलीच नाही. घाबरली, म्हणून उपदेश केला आणि विषय बदलला. पुढच्या खेपेला ती जाऊन नुसतं म्हणाली, "त्या दिवशी भात कच्चा होता म्हणालात." बस. बाई अर्धा तास भातावर बोलल्या. घरी चौदा माणसांचा स्वयंपाक त्या एकट्या करायच्या, आंबेमोहोराला पाणी किती, इंद्रायणीला किती, चुलीवरचा भात कधी उतरवायचा. नवऱ्याचा विषय त्यातच आला, कुणी न विचारता, आणि त्या रडल्याही. मुलगी तिथेच बसून राहिली. तिला कळलं की पेशंट रडली तर करायचं काहीच नसतं, बसायचं असतं. त्यानंतर बाई स्वयंपाकघरात भाजी निवडायला जायला लागल्या. बऱ्या झाल्या, घरी गेल्या, असं मी लिहिणार नाही. तसं काही झालं नाही. पण वॉर्डातल्या कुणीतरी बऱ्याच वर्षांनी त्यांच्याशी त्यांच्या ठाऊक असलेल्या विषयावर बोललं होतं.

आता चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर. शिकाऊ रुग्णालयांसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे, आणि तू लिहितेस ते वीसमागे एक झालं. त्यावर पेपलाऊ हा इलाज नव्हे. 'मायेनं वागा' अशी पाटी लावून रिकाम्या जागा भरत नाहीत, आणि कुणी तसं सुचवलं तर त्याला भरतीची जाहिरात कधी निघणार ते विचार. पण थोड्या वेळातही काही गोष्टी होतात. बीपीचा पट्टा गुंडाळताना आपण एरवी भिंतीकडे बघतो. त्याऐवजी पेशंटकडे बघायला वेगळा वेळ लागत नाही.

एक महत्त्वाचं. जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांग. 'मी अमुक तारखेपर्यंत येणार, रोज दहाला.' आणि मधे मधे आठवण दे. दर बॅचमध्ये एखादी मुलगी शेवटच्या दिवशी रडून 'दिवाळीला भेटायला येईन' म्हणते. दिवाळीत ती परभणीला आपल्या घरी लाडू वळत असते आणि इथे कुणीतरी सकाळपासून आंघोळ करून, केस विंचरून व्हरांड्यात बसलेलं असतं. तसलं वचन देऊ नकोस. ते देताना तुला हलकं वाटतं, पेशंटला त्याचा उपयोग नसतो.

*माझी बायपास झाली. दवाखाना मोठा, काम चोख, तक्रार नाही. पण आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत मी 'बारा नंबर' होतो. 'बारा नंबरचं सलाईन संपलं', 'बारा नंबरला फिरवलं का?' मी एसटीत कंडक्टर होतो, मीही जन्मभर 'पुढं सरका' यापलीकडे प्रवाशांशी बोललो नाही, तेव्हा बोलायचा अधिकार किती ते माहीत नाही. तरी विचारतो, नाव घ्यायला काय होतं?*
— एक निवृत्त वाचक, सातारा

मास्तर, तुमचा अधिकार पुरेपूर आहे. तुमच्या प्रवाशाची छाती उघडलेली नसायची.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. १९६० मध्ये इझाबेल मेन्झीस नावाच्या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका शिकाऊ रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या नर्सेसही पेशंटला 'दहा नंबरचं लिव्हर', 'पंधरा नंबरचा न्यूमोनिया' म्हणायच्या. बाईंना बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी, विद्यार्थिनींच्या ड्युट्या वॉर्डावॉर्डात कशा वाटायच्या याचं गणित बसेना म्हणून. त्यांना दिसलं असं की कामाची सगळी रचनाच कुणा एका नर्सचा कुणा एका पेशंटशी फार संबंध येऊ नये अशी झाली होती. एकीनं सगळ्यांचे ताप घ्यायचे, दुसरीनं सगळ्यांच्या चादरी बदलायच्या. असं का? तर मरण, वेदना, उघडी शरीरं, रात्रंदिवस हे समोर असताना माणूस जवळ आला की त्रास होतो. नंबर लांब ठेवतो. हे कुणी बसून ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप अंगवळणी पडलं होतं. आणि गंमत अशी की त्यानं नर्सेसचा त्रासही कमी झाला नव्हता. जवळपास एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या.

तेव्हा तुमच्या सिस्टर दुष्ट नव्हत्या, हे तुम्हीच लिहिलंय. पण नंबरानं हाक मारणं चालवून घ्यावं असंही मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण भावनेचं नाही. औषध देताना पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवायची असते, पूर्ण नाव आणि मनगटावरच्या पट्टीवरचा नोंदणी क्रमांक, आणि बेडचा नंबर ओळख म्हणून धरायचा नाही, असा नियमच आहे. बेड बदलतात. सकाळी बारावर तुम्ही, दुपारी तुम्हाला सातवर हलवलं, बारावर नवा माणूस, आणि ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये 'बाराला इन्सुलिन द्यायचंय' एवढंच सांगितलेलं. पुढचं सांगायला नको. म्हणून पुढच्या वेळी (ती न येवो) सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या की आपणच म्हणावं, "नाव विचारा की आधी." तिकीट बघितल्याशिवाय तुम्हीही कुणाला सोडत नव्हता.

*आई ८१ वर्षांची. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर ब्युरोतून एक मुलगी ठेवली आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. काम उत्तम. आई तिला 'माझी लेक' म्हणते. मी ऑफिसातून येऊन काही करायला गेले तर 'तू दमलीस, राहू दे, ती करेल.' मला न सांगितलेल्या गोष्टी तिला माहीत असतात. मुलगी म्हणते, 'आजींमुळे मला आई मिळाली.' ती रविवारचीही सुट्टी घेत नाही. परवा आईनं तिला आपल्या पाटल्या देणार म्हणून जाहीर केलं. तिला बदलून दुसरी मागवू का?*
— एक वाचक, पुणे

ताई, पाटल्यांचं नंतर. आधी तुम्हाला जे लागलंय ते बघू या, कारण पत्र त्याचंच आहे.

तुमची आई तुमच्यापेक्षा तिच्यावर जास्त प्रेम करते असा याचा अर्थ मी लावणार नाही. अंथरुणावरच्या माणसाला कुणीतरी न्हाऊमाखू घालतं, भरवतं, शी-शू काढतं, तेव्हा त्याच्या मनात फार जुनी नाती जागी होतात. पेपलाऊच्या सहा रोलमध्ये हाही आहे. पेशंट नर्सला कधी आई करतो, कधी बहीण, कधी लेक. नर्सनं ते नाकारायचं नसतं आणि अंगावर घालून मिरवायचंही नसतं. आपण कशात तिच्यासारख्या आहोत आणि कशात नाही, हे पेशंटला हळूहळू दिसू द्यायचं असतं. शिवाय अनेक आयांना पोटच्या मुलीनं डायपर बदललेला सोसत नाही. परकीसमोर लाज कमी वाटते, कारण ती पगार घेऊन आलेली असते. 'तू दमलीस, राहू दे' यात तेही असू शकतं. विचारून बघा.

मुलीबद्दल. ब्युरोतून येणाऱ्या बहुतेक मुली नोंदणीकृत नर्स नसतात, थोड्या शिकवणीवर कामाला लागलेल्या असतात. हातानं काम छान येतं, पण या गुंत्याबद्दल त्यांना कुणी एक शब्द सांगितलेला नसतो. वॉर्डात निदान इन्चार्ज सिस्टर असतात, मैत्रिणी असतात, चहाला बसून बोलता येतं. ही दिवसाचे बारा तास एका फ्लॅटमध्ये, एका म्हाताऱ्या माणसाबरोबर. 'मला आई मिळाली' हे ती मनापासून म्हणत असेल. तरी मला त्याची काळजी वाटते. अशा वेळी मी विद्यार्थिनींना विचारायची की आत्ता गरज कुणाची भागतेय. पेशंटची असेल तर चालू दे. तुझी असेल तर थांब, कारण आजारी माणसाला तुझी आई होणं झेपणारं नाही. रविवारची सुट्टी नको म्हणणं मला पाटल्यांपेक्षा जास्त खटकलं.

बदलू नका. आईचं एक बोट धरलेलं सुटेल आणि तुम्ही खलनायिका ठराल. पण सुट्टी सक्तीची करा, पगारी. त्या दिवशी दुसरी बाई बोलवा किंवा तुम्ही करा. आई कुरकुरेल. पहिले दोन-तीन रविवार वाईट जातील. रोजची कामं एका वहीत लिहायला सांगा, औषध, जेवण, कूस बदलली ती वेळ, शी झाली का. वहीमुळे 'मला न सांगितलेलं तिला माहीत' हा प्रकार अर्धा आपोआप मिटतो.

पाटल्यांना नाही म्हणा, आणि आईच्या समोर, मुलीच्या समोर, एकदाच म्हणा. आईचा दागिना, आईची मर्जी, हे मला मान्य आहे. पण ज्या माणसाच्या हातून आपण पाणी पितो त्याला सोनं देणं ही मोकळी मर्जी राहत नाही. देणाऱ्याला वाटतं, दिलं तर नीट सांभाळेल. घेणाऱ्यावर उद्या कुणीही आळ घेऊ शकतं, आणि तो आळ घेणारे बहुधा तुमचेच नातेवाईक असतील. ब्युरोच्या करारात भेटवस्तूबद्दल काय लिहिलंय ते वाचा. दिवाळीला बोनस द्या, तिच्या पोराच्या शाळेची फी भरा हवं तर, पण तुमच्या हातानं आणि पावती घेऊन.

*मी खासगी रुग्णालयात कॅन्सर वॉर्डला स्टाफ नर्स आहे. एका बाबांच्या मुलानं बजावलंय, 'कॅन्सर सांगायचा नाही, अल्सर म्हणायचं.' रात्री दोनला बाबा विचारतात, 'सिस्टर, तू तरी खरं सांग.' मी 'झोपा, सगळं ठीक होईल' म्हणून पुढच्या बेडकडे जाते. परवा ते रडले, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. इन्चार्ज म्हणाल्या, प्रोफेशनल राहा.*
— एक स्टाफ नर्स, नाशिक

वॉर्डाच्या दारावर 'कर्करोग विभाग' अशी वीतभर अक्षरांची पाटी असते आणि आत सगळ्यांना अल्सर झालेला असतो! हे नाटक मी पुष्कळ पाहिलंय. पेशंटला माहीत असतं, नातेवाइकांना माहीत असतं, आणि दोघं एकमेकांपासून लपवतात. मधे नर्स अडकते, कारण रात्री दोनला तीच जागी असते.

निदान सांगणं तुझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण खोटं बोलणं हेही तुझं काम नाही. या दोन्हींच्या मधे भरपूर जागा आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेलनं १८५९ च्या आपल्या नर्सिंगवरच्या टिपणांत एक अख्खं प्रकरण पोकळ धीर देणाऱ्यांवर खर्च केलंय. आजाऱ्याला 'काही होत नाही हो तुम्हाला' म्हणणारे लोक त्याला एकटं पाडतात, असा तिचा राग आहे. वाचताना आपल्याकडच्या भेटीच्या वेळेतले काका-मामा डोळ्यांसमोर येतात. 'सगळं ठीक होईल' हे त्याच जातीचं. ते म्हटल्यावर तू पुढच्या बेडकडे गेलीस, हे तूच लिहिलंयस.

मग म्हणायचं काय? अमेरिकेतल्याच आयडा जीन ऑर्लँडो या नर्सनं १९६१ मध्ये एक फार कामाची गोष्ट मांडली: पेशंटच्या बोलण्याचा अर्थ आपण मनात लावून मोकळं होऊ नये, तो त्यालाच विचारून खात्री करावी. 'खरं सांग' म्हणजे बाबांना रोगाचं नाव हवंय असं तू धरून चाललीस. असेलही. पण कदाचित त्यांना विचारायचं असेल की दुखणं वाढणार आहे का. किंवा मुलानं शेत गहाण टाकलं का. किंवा नातीचं लग्न मार्चऐवजी डिसेंबरला घ्यावं का. तेव्हा स्टूल ओढ, बस, आणि विचार, "बाबा, आज काय झालं म्हणून हे मनात आलं?" आणि गप्प राहा. गप्प राहणं अवघड जातं, सलाईनचे थेंब मोज हवं तर. ते काही बोलले की त्यातलं तुझ्या हातातलं जे असेल ते कर. रोगाचंच नाव विचारलं तर, "ते डॉक्टरांनी सांगायचं असतं. सकाळी राउंडला तुम्ही विचारा, मी त्यांना आधी सांगून ठेवते." यात एक शब्द खोटा नाही.

आणि मग ते खरंच कर. नर्सेस नोट्समध्ये लिही: 'रात्री २ वाजता रुग्णाने आजाराबाबत विचारणा केली, डॉक्टरांना कळवले.' हँडओव्हरला सकाळच्या सिस्टरला सांग. लिहिलेलं असलं की प्रश्न तुझ्या एकटीच्या छातीवर राहत नाही. मुलाशी डॉक्टरांनीच बोलावं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत पहिलाच हक्क माहितीचा आहे, हे त्यांना ठाऊक असतं, फक्त नातेवाइकांचा रोष नको असतो. तू मुलाला एवढं सांगू शकतेस, "बाबा रात्री जागे असतात आणि विचारतात." माझ्या पाहण्यात बहुतेक मुलं या वाक्यावर खाली बसतात.

डोळ्यांतल्या पाण्याचं म्हणशील तर तुझ्या इन्चार्जबाईंशी माझं जमणार नाही. जॉइस ट्रॅव्हलबी या मनोविकार विभागातल्याच नर्स, १९६६ चं त्यांचं पुस्तक. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याचं दुःख समजणं ही एक पायरी, आणि ते कमी व्हावं असं आतून वाटणं ही तिच्या पुढची. ती ओलांडल्याशिवाय नर्स आणि पेशंट दोन माणसं म्हणून भेटतच नाहीत. डोळे भरले म्हणून कुणी अनप्रोफेशनल होत नाही. बाबांना तुझी समजूत काढावी लागली असती तर मात्र गरज कुणाची भागत होती, तो पुण्याच्या ताईंना लिहिलेला प्रश्न तुलाही विचारला असता. तसं काही झालेलं दिसत नाही.

*माझा भाऊ मनोविकार विभागात दाखल होता. डिस्चार्जच्या दिवशी एका सिस्टरनं त्याच्यासोबत व्हिडिओ काढून 'आमचा लाडका पेशंट' म्हणून रील टाकली. भाऊ हसतोय, त्यानं हो म्हटलं होतं म्हणे. आता गावात सगळ्यांनी पाहिली. सिस्टर प्रेमळ होत्या, तक्रार करणं बरं दिसेल का?*
— एक वाचक (गाव न छापण्याची विनंती)

दिसेल. करा.

ज्यांच्या हातून रोज गोळ्या घेतल्या त्यांना भाऊ दारातून बाहेर पडताना नाही कसं म्हणणार? ती संमती मी धरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात पेशंटच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, डिजिटल माहितीसकट, आणि फोटो माध्यमांत द्यायचा तर पेशंटची संमती लागते. आधी सिस्टरना फोन करून रील काढून टाकायला सांगा, बहुतेक लगेच काढतील. त्याआधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा. मग भावाला विचारा, पुढे जायचंय का. तक्रार त्याच्या नावाची आहे, तुमच्या नव्हे. तो हो म्हणाला तर मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षक या दोघांच्या नावे लेखी अर्ज द्या. तिथे दाद लागली नाही तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाता येतं, आणि त्याला वकील लागतोच असं नाही. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच घ्या, शिक्क्यासकट.